खसखशीच्या वड्या आणि माझं पहिलं ‘नाही’

लग्न होऊन लीड्सला आले तेव्हा मी फार हुशार होते. निदान माझी तशी पक्की समजूत होती. इंग्रजी घेऊन बी.ए., वर फर्स्ट क्लास. आणि या एवढ्या इंग्रजीचा हॉस्पिटलात उपयोग काय केला? तर ‘येस डॉक्टर’ हे दोन शब्द अस्खलित म्हणायचे. वजन करतो. येस डॉक्टर. रक्त काढतो. येस डॉक्टर. हे पाच विद्यार्थी आता तुमचं पोट चाचपतील. येस डॉक्टर. त्यांनी ‘तुमचं डोकं काढून कार पार्कमध्ये ठेवतो’ म्हटलं असतं तरी मी मान डोलावली असती.

माझाही इलाज नव्हता म्हणा. आमच्या घरी डॉक्टरला प्रश्न विचारणं म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेत भटजींना थांबवून श्लोकाचा अर्थ विचारण्यासारखं. त्यातून नवरा डॉक्टर. शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलात सहा-सहा महिन्यांच्या करारावर काम करायचा, आणि पुढचा करार मागच्या साहेबाच्या शिफारशीवर अवलंबून. त्यामुळे ‘कुणाशी वाद घालू नकोस’ हे आमच्या घराचं ब्रीदवाक्य होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मला सातवा महिना लागला आणि पुण्याहून सासूबाई आल्या. विमानतळावर त्यांच्या बॅगेतून काय काय निघालं ते सांगत बसले तर माझी नातवंडं जेवायला थांबतील. डिंक, खारीक, सुंठ, आणि टिश्यू पेपरात गुंडाळलेला हिरवा चुडा. “इथे सगळं मिळतं हो आई,” मी म्हटलं. “मिळत असेल,” त्या म्हणाल्या, “पण ओटीत काय घालायचं ते दुकानदार सांगत नाही.”

डोहाळजेवण आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येच झालं. चुडा त्यांनी माझ्या लग्नातल्या मनगटाच्या आठवणीवर आणला होता, आणि माझे हात तर सुजून पावासारखे झालेले. पण सवाष्णीचा हात रिकामा ठेवायचा नाही! भांडी घासायचा साबण लावून, माझी बोटं मुठीत आवळून, त्यांनी एकेक बांगडी चढवली. दोन फुटल्या. हाताच्या पाठीवर ओरखडे उठले, निळंजांभळं झालं. मी ओरडले तर म्हणाल्या, “बाळंतपणात काय करशील मग?”

आणि मग आल्या खसखशीच्या वड्या. अहाहा! खसखस भिजवून, पाट्यावर वाटल्यासारखी बारीक केलेली, तुपात परतलेली, साखर, वेलची, वर बदामाचे काप. गर्भारशीला झोप शांत लागते, पोट थंड राहतं, बाळाचं डोकं भरतं, असं सासूबाईंचं शास्त्र. मला शास्त्राची गरज नव्हती. मी सकाळी दोन, दुपारी दोन, आणि त्या देवळात गेल्या की डब्याचं झाकण उघडून मोजदाद न करता. रात्री वर खसखशीचं दूध. मी गाईसारखी खात होते आणि गाईसारखीच पेंगत होते.

डोहाळजेवणानंतर दोन-तीन दिवसांनी क्लिनिकला गेले. लघवीचं सँपल तेव्हा घरून न्यायचं असे. माझं लिंबाच्या लोणच्याच्या बाटलीत असायचं, सात वेळा धुतलेल्या. बाटली दिली आणि खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागले. कन्सल्टंटनी, म्हणजे तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी, नाव पुकारलं तेव्हा शेजारच्या बाईनं कोपरानं ढोसून उठवलं. आत त्यांनी माझे हात बघितले. ओरखडे बघितले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली. फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मी आपली हसले आणि म्हटलं, “येस डॉक्टर.” त्यांनी काही विचारलंच नव्हतं!

पुढच्या खेपेलाही सँपल, त्याच्या पुढच्या खेपेलाही सँपल. मग एकदा त्यांनी मला बसवलं. उंच, सडपातळ गृहस्थ, बोलताना टेबलाकडे बघायचे. म्हणाले, “तुमच्या सँपलमध्ये काहीतरी आढळलं आहे.”

मी लाजेनं लाल. “सॉरी डॉक्टर,” मी म्हटलं. “लोणचं असेल. पुढच्या वेळी जॅमची बाटली आणते.”

त्यांनी फार हळुवारपणे विचारलं, “तुम्ही घरी काही घेता का? शांत वाटावं म्हणून?”

आता बघा हं माझं शहाणपण. माणूस इतक्या प्रेमानं सासूबाईंच्या स्वयंपाकाची चौकशी करतोय, तर मी का लपवू? “हो, हो!” मी उत्साहानं सांगायला लागले. “रोज घेते. सासूबाई बनवतात. फार छान झोप लागते.”

“रोज?”

“दिवसातून चार-पाचदा. आता तर त्याशिवाय करमतच नाही.”

“आणि तुमच्या मिस्टरांना हे ठाऊक आहे?”

“ते पण घेतात. पण कमी. त्यांना ड्यूटी असते ना.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, रेसिपी मागणार. “थँक यू फॉर बीइंग सो ऑनेस्ट,” म्हणाले. इतक्या लहानशा गोष्टीसाठी एवढे आभार! इंग्रज लोक किती सभ्य, असं मनात म्हणत मी बाहेर आले.

कॉरिडॉरमध्ये मिडवाइफनं, म्हणजे बाळंतपणं करणाऱ्या नर्सनं, मला गाठलं. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, अस्सल यॉर्कशायरची बाई. सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणायची, पण डोळ्यांत बघून. तिनं मला लिनन ठेवायच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं.

“लव्ह, तुला कळलं का आत काय झालं ते?”

“हो. सँपल खराब होतं.”

“सँपल खराब नव्हतं. त्यात ओपिएट सापडलंय. तीनदा. ओपिएट म्हणजे अफू, मॉर्फीन, हेरॉइन, त्या कुळातलं. त्यांना वाटतंय तू ड्रग्ज घेतेस. आणि आता तू ते स्वतःच्या तोंडानं कबूल करून आलीस.”

मी चादरींच्या गठ्ठ्यावर बसले.

“पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे,” ती म्हणाली. “सोशल वर्कर येईल. बाळ जन्मलं की तुझ्याकडे देणार नाहीत. स्पेशल केअरमध्ये ठेवतील, विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, होतोय का बघायला. नंतर घरी पाठवायचं की नाही, ते ठरवतील.”

बाळ तुझ्याकडे देणार नाहीत. हे वाक्य ऐकल्यावर बाकी सगळं इंग्रजी माझ्या डोक्यातून उडून गेलं. पोटात तिनं, म्हणजे बाळानं, एक सणसणीत लाथ मारली.

“पण मला कुणी विचारलं कुठे?” मी म्हटलं. “मला वाटलं साखर बघतात.”

“तेच तर. विचारायला हवं होतं. कशासाठी तपासतो, हे सांगून, तू हो म्हणालीस तरच. तुला नाही म्हणता येतं, लव्ह. तुझी फाइल दाखवा म्हणता येतं. मीटिंगला घरचं माणूस आणता येतं.”

“मी काय तसली बाई आहे?” माझ्या तोंडून फणकारा निघाला.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी आजही ते विसरलेले नाही. “तसली असतीस तरी विचारायलाच हवं होतं,” ती म्हणाली.

घरी आले तर नवरा नुकताच ड्यूटीवरून येऊन सोफ्यावर आडवा झालेला. मी सांगितलं. तो ताडकन उठून बसला, पांढराफटक.

“अगं, खरं सांग. काय घेतेस तू?”

“अहो, तुमचं डोकं फिरलंय का? मी क्रोसीनची गोळी घेताना तुम्हाला विचारते!”

“मग आलं कुठून? तीनदा चूक होत नाही. काय खातेस ते सांग. सगळं सांग.”

मी सांगू लागले. डिंक, खारीक, भात, वरण, मेथी... आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई मिक्सर बंद करून हात पुसत आल्या. “संपत आलेल्या बघून परत करायला घेतल्यात हो वड्या. इथल्या देशी दुकानातली खसखस बरी निघाली.”

नवरा त्यांच्या हातातल्या पाकिटाकडे बघत राहिला. मग त्यानं ते घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: पॉपी सीड्स. ज्या बोंडाला चिरा दिल्या की अफू पाझरते, त्याच बोंडातलं बी. इंग्रजी घेऊन बी.ए., फर्स्ट क्लास, आणि मी ते पाकीट रोज ओट्यावरून उचलून कपाटात ठेवत होते!

“माझ्या खसखशीला अफू म्हणतोस?” सासूबाई कडाडल्या. “तुझ्या वेळी मी शेरभर खाल्ली. म्हणून तर डॉक्टर झालास.”

“अफू नाही गं आई. अंश असतो, नखभर. नशा होत नाही, पण टेस्टमध्ये दिसतं.” तो खोलीत येरझाऱ्या घालू लागला. “हे बघा, सोपं आहे. वड्या आजपासून बंद. पुढची टेस्ट निगेटिव्ह येईल. मी कुणाला फोनबिन करत नाही. उगाच बोभाटा नको, माझा करार...”

“म्हणजे त्यांना वाटेल, सुनेनं व्यसन सोडलं!” सासूबाई म्हणाल्या.

बाई चौथी पास. पण घाव बरोबर बसला. आधी होतं आणि आता नाही, यानं मी निर्दोष कशी ठरणार? सुधारलेली ठरणार. आणि सुधारलेल्या बाईवर तर जास्तच नजर ठेवतात.

“मग काय करायचं?” नवरा म्हणाला.

“त्यांना खायला घालायचं,” सासूबाई म्हणाल्या, आणि मिक्सर परत सुरू केला.

मीटिंगच्या दिवशी आमची वरात बघण्यासारखी होती. पुढे मी, पिंपासारखी, निळ्या कोटाची दोनच बटणं लागलेली. मागे सासूबाई, इरकली साडी, वर नवऱ्याचा ओव्हरकोट, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात स्टीलचा डबा. सगळ्यात मागे नवरा, टाय आवळलेला, फाशी जाताना चालावं तसा चालत.

खोलीत टेबलापलीकडे कन्सल्टंट, मिडवाइफ आणि सोशल वर्कर. सोशल वर्कर तरुण पोरगी, कानांत केवढाल्या रिंगा. कन्सल्टंट बोलायला तोंड उघडतात न उघडतात तोच सासूबाईंनी डबा उघडला. वेलचीचा वास खोलीभर पसरला.

“खा,” त्या मराठीत म्हणाल्या.

“सासूबाई म्हणतात, आमच्याकडे गोड दिल्याशिवाय शुभ कामाचं बोलणं सुरू करत नाहीत,” मी भाषांतर केलं. त्या असं काहीही म्हणाल्या नव्हत्या.

इंग्रज माणूस आणि नकार! एकवेळ सिंहासन सोडेल, पण म्हाताऱ्या बाईनं पुढे केलेला डबा परत करणार नाही. “जस्ट अ टायनी वन,” म्हणत कन्सल्टंटनी एक उचलली. सासूबाईंना टायनी ठाऊकच नव्हतं. त्यांनी दुसरी त्यांच्या बशीत टाकली. सोशल वर्करनं खाल्ली, डोळे मिटले. मिडवाइफनं दोन घेतल्या आणि माझ्याकडे बघून हळूच डोळा मारला. ती काय ते समजली होती.

“डिलिशस,” कन्सल्टंट म्हणाले. “काय असतं यात?”

माझं हृदय असं धडधडत होतं की पोटातलं बाळ दचकलं असेल. पण तोंडातून शब्द निघाले. “पॉपी सीड्स. मी रोज खाते त्या याच. आज दुपारी तुमचं सँपल घेतलं, तर माझ्यात निघालं तेच तुमच्यातही निघेल.”

त्यांच्या हातातली अर्धी वडी त्यांनी अशी खाली ठेवली, जणू ती चावली असती.

“घाबरू नका,” मी म्हटलं. “यानं काही होत नाही. न सांगता खायला घातली, मला ठाऊक आहे. कसं वाटतंय?”

मिडवाइफनं मात्र खुशाल दुसरी वडी संपवली.

“तुमची सँपल्स मला हवी आहेत. पण मी विचारतेय. कशासाठी ते सांगून विचारतेय. तुम्ही नाही म्हणू शकता. मला कुणी असं विचारलं नव्हतं.”

अग बाई! हे मी म्हणाले? मी वळून मागे बघितलं, दुसरंच कुणी बोललं की काय म्हणून. मागे नवरा होता, घामाघूम.

सोशल वर्कर हसायला लागली. “खरंच नाही म्हणू शकते?”

“हो.”

“मग नाही. माझं नको.”

“ठीक आहे,” मी म्हटलं. आणि काय सांगू, तिला तो नकार देता आला, याचा मलाच केवढा आनंद झाला!

“माझं घ्या,” मिडवाइफ म्हणाली. “पण आणखी एक वडी दे आधी. काम पक्कं व्हायला हवं.”

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नवरा पुढे आला, डब्यात हात घातला आणि दोन वड्या एकदम तोंडात कोंबल्या. “माझंही,” तो भरल्या तोंडानं म्हणाला. “मी डॉक्टर आहे. रिपोर्ट माझ्या हॉस्पिटलला पाठवायचा असेल तर खुशाल पाठवा.” लग्नात त्यानं माझ्या गळ्यात मंगळसूत्र घातलं, तेव्हा मी इतकी खूश झाले नव्हते.

कन्सल्टंटनी स्वतःचं सँपल दिलं नाही. घसा खाकरून म्हणाले, लॅबचा निकाल येईपर्यंत ठरलेला प्लॅन बदलता येणार नाही. म्हणजे बाळ अजूनही त्यांचं.

आणि पोटातल्या बाईसाहेबांना धीर कुठला! दुसऱ्याच दिवशी सकाळी, मार्केटात मी वांगी निवडत असताना, पाणी फुटलं. वांगेवाल्यानं ॲम्ब्युलन्स बोलावली. लेबर वॉर्डात सगळे चेहरे नवे. फक्त फाइल जुनी, आणि फाइलमध्ये तो प्लॅन. कळा येत होत्या, जात होत्या, आणि प्रत्येक कळेच्या मध्ये मी मनात घोकत होते: नको, नाही, नो. परीक्षेच्या आधी स्पेलिंग घोकावं तसं.

दुपारी ती झाली. मुलगी. गुलाबी, ओली, भयंकर चिडलेली. त्यांनी ती माझ्या छातीवर ठेवली आणि ती लगेच प्यायलाच लागली, अगदी आपलं घर असल्यासारखी. तेवढ्यात मुलांचा एक तरुण डॉक्टर चाकाचा पाळणा ढकलत आला.

“बेबीला आम्ही स्पेशल केअरमध्ये नेतोय.”

“नाही.”

म्हटलं! तोंडातून बाहेर पडलं! केवढा छोटा शब्द, आणि मी एवढी वर्षं तो जिभेखाली दडवून ठेवला होता. तो गोंधळला. “प्लॅनमध्ये तसं लिहिलंय.”

“प्लॅन मला विचारून केला का? बाळाला आत्ता काही त्रास आहे का, ते सांगा.”

त्यानं वाकून बघितलं. श्वास मोजला, रंग बघितला. “आत्ता तरी नाही,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

“मग इथे बघा. माझ्या अंगावर. हवं तितक्या वेळा बघा, मी अडवत नाही. त्रास झाला तर मीच देईन तुमच्या हातात. आणि लिहा, आई नाही म्हणाली.”

“मला कन्सल्टंटना फोन करावा लागेल.”

“करा,” मी म्हटलं. तिला मात्र मी इतकं घट्ट धरलं की तिनं पिणं थांबवून निषेध नोंदवला.

तो दारापर्यंत गेला असेल नसेल, तोच कॉरिडॉरमधून धावत्या बुटांचा आवाज आला आणि त्याच्या पुढे एक आरोळी. “आय ॲम पॉझिटिव्ह! लव्ह, आय ॲम पॉझिटिव्ह!” युनिफॉर्मवर उलटा कोट घातलेली मिडवाइफ आत घुसली. सकाळपासून लॅबच्या दारात उभी राहून तिनं निकाल काढून घेतला होता. “तुझा नवराही पॉझिटिव्ह! माझा तर तुझ्यापेक्षा जास्त!” शेजारच्या पडद्याआडची बाई टाळ्या वाजवू लागली, तिला काय कळलं देव जाणे. बाहेर बसलेल्या सासूबाईंनी नुसता आवाज ऐकून ओळखलं आणि डबा उघडला. या खेपेला त्यात पेढे होते.

तरुण डॉक्टर फोन करून परत आला, पाळण्याची दिशा वळवली आणि रिकामाच ढकलत घेऊन गेला. त्या रिकाम्या पाळण्याचं एक चाक कुरकुरत होतं. तेवढे गोड आवाज मी नंतर फार थोडे ऐकले.

त्यानंतर काही दिवस मी अगदी वाह्यात झाले. चहा हवा? नाही. खिडकी उघडू? नाही. नवऱ्यानं विचारलं, “अगं, सगळ्यालाच नाही का?” तर त्यालाही नाही. सरावानं धार येते.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेले, तेव्हा सासूबाई सोबत होत्या, डबाही होता. कन्सल्टंटनी डबा पाहून आधी विचारलं, “काय आहे यात?”

“बेसन,” मी म्हटलं. त्यांनी एक लाडू घेतला. मग, नेहमीसारखं टेबलाकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाले, “तेव्हा तुम्हाला विचारायला हवं होतं.” आणि हात पुसून, माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बोट करत, “मी बाळाला तपासू का?”

जुनं ‘येस डॉक्टर’ जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं, पोरीचं झबलं सारखं केलं, तिच्या नाकावरचा दुधाचा थेंब पुसला, आणि त्यांना चांगलं ताटकळत ठेवून म्हटलं,

“थांबा हं. विचार करून सांगते.”